वाचकांचे प्रश्न : परदेशी नोकरीचा व्हिसा आणि कामाचा पुरावा

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार व्हिसाविषयी आलेल्या लेखानंतर सातपूर, अंबड, नाशिकरोड, सिन्नर आणि निफाड या भागांतून बरीच पत्रे आली. व्हिसाच्या अर्जाआधी जे कौशल्य मूल्यमापन करून घ्यावे लागते, ज्याला सगळेजण स्किल असेसमेंट म्हणतात, त्याविषयीच बहुतेकांनी विचारले आहे. हे मूल्यमापन व्हिसा देणारे खाते करीत नाही. प्रत्येक व्यवसायासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने एक संस्था नेमून दिलेली असते. अर्जदाराचे शिक्षण आणि प्रत्यक्ष केलेले काम तेथील त्या व्यवसायाच्या अपेक्षेला उतरते की नाही, एवढेच ती संस्था पाहते. १८९, १९० आणि ४९१ या क्रमांकांच्या, गुणांवर आधारलेल्या व्हिसांसाठी अर्ज करण्याचे निमंत्रण येण्यापूर्वीच अनुकूल निकाल हाती असावा लागतो. निमंत्रण आल्यावर धावपळ करून तो मिळवता येत नाही. निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून अप्रेंटिसशिप केली. त्यानंतर अकरा वर्षे अंबड औद्योगिक वसाहतीत काम करीत आहे. त्यांतील पहिली सहा वर्षे मी ठेकेदाराकडे होतो, कारखाना मात्र एकच होता. आता कारखाना म्हणतो की त्या सहा वर्षांचे पत्र देता येणार नाही, आणि जुन्या ठेकेदाराने एका ओळीचे पत्र दिले आहे. माझी सहा वर्षे वाया गेली असे समजावे का? – एक वाचक, अंबड

वाया गेली असे मुळीच समजू नये. आपल्यासारखी स्थिती या शहरातील हजारो कामगारांची आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

फिटर, टर्नर, वेल्डर, मोटर मेकॅनिक अशा व्यवसायांचे मूल्यमापन ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी यंत्रणा पाहते, आणि भारतातून अर्ज करणाऱ्या फिटरला तिने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेमार्फत जावे लागते. या प्रक्रियेचे दोन टप्पे असतात. आधी कागदपत्रे तपासली जातात आणि त्यांत उतरल्यावर तांत्रिक मुलाखत किंवा प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी होते. ज्याने अकरा वर्षे हातात फाइल आणि मायक्रोमीटर धरला आहे, त्याला दुसऱ्या टप्प्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडची माणसे अडकतात ती पहिल्या टप्प्यात, कारण आपण काम करतो पण कामाचा कागद मागत नाही.

आपण पाठवलेली ठेकेदाराच्या पत्राची प्रत मी पाहिली. ‘सदर इसम आमच्याकडे सन २०१४ पासून नोकरीस होते, त्यांची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा,’ एवढाच मजकूर, खाली एक गोल शिक्का आणि वाचता न येणारी सही. या पत्रातून आपण फिटर होता की पहारेकरी, हेदेखील कळत नाही. मूल्यमापन करणाऱ्याला हवे असते ते असे : कामावर रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची तारीख, पद, आठवड्याचे कामाचे तास, वेतन, सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण रोज काय करीत होता याचे वर्णन. ड्रॉइंग वाचून जॉब बसवणे, प्रेस टूलची जुळणी, डायल गेजने समांतरता तपासणे, बेअरिंग बदलणे, शिम घालून अलाइनमेंट करणे, हायड्रॉलिक पॉवर पॅकची गळती काढणे, अशी कामे त्यात स्पष्ट शब्दांत यावीत. ठेकेदाराशी संबंध चांगले असतील तर त्याच्याकडूनच सुधारित पत्र घ्यावे. आपण स्वतः कामांची यादी लिहून नेली तरी हरकत नाही, मात्र तीत न केलेले एकही काम नसावे, कारण मुलाखतीत प्रश्न त्याच यादीवरून विचारले जाऊ शकतात.

आता कागद कोठून उभा करायचा ते पाहू. ठेकेदाराने आपला भविष्य निर्वाह निधी भरला असेल तर यूएएन क्रमांकाने संकेतस्थळावर जाऊन नोकरीचा इतिहास काढावा. त्यात प्रत्येक आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. त्रयस्थ यंत्रणेची नोंद असल्याने तिला वजन असते. त्याच्या जोडीला बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदी, ईएसआयचे कार्ड, कारखान्याचे गेटपास आणि सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे ठेवावीत. कारखाना सहा वर्षांचे नोकरीचे पत्र देणार नाही हे त्यांच्या बाजूने समजण्यासारखे आहे, कारण त्या काळात आपण त्यांचे कर्मचारी नव्हता. मात्र आपण ठेकेदारामार्फत त्यांच्या आवारात अमुक विभागात अमुक काम करीत होता, एवढे लिहून देण्यास त्यांना अडचण नसावी. मागणी अशा शब्दांत करून पाहावी. विभागाचे जुने फोरमन निवृत्त झाले असतील तर त्यांना भेटावे. ज्यांच्या हाताखाली आपण काम केले त्यांचे स्वतःच्या नावाने दिलेले तपशीलवार निवेदन पूरक पुरावा म्हणून जोडता येते.

पगार रोख मिळत होता आणि कोणताही निधी भरला नव्हता, असे असेल तर ती वर्षे सिद्ध करणे खरोखरच अवघड जाते, हे मी लपवणार नाही. तसे असल्यास पुढची पाच वर्षे भक्कमपणे मांडावीत. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र ही दोन्ही आपल्याकडे आहेत, त्यांचे मोल मोठे आहे.

प्रश्न : मी नाशिकच्या महाविद्यालयातून मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली असून माझ्या अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता आहे. एक कन्सल्टंट म्हणतात की वॉशिंग्टन करारामुळे मला काहीही लिहावे लागणार नाही, तर दुसरे म्हणतात की अहवाल लागेल आणि तो तयार मिळेल. खरे काय? – एक वाचक, इंदिरानगर

पहिल्यांची माहिती अपुरी आहे आणि दुसऱ्यांचा सल्ला घातक आहे.

वॉशिंग्टन करार म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानण्याचा करार. भारताची एनबीए ही मानांकन संस्था जून २०१४ मध्ये त्याची पूर्ण सदस्य झाली, हे खरे. परंतु या कराराचा लाभ एनबीएच्या प्रत्येक मान्यतेला मिळत नाही. विद्यापीठाचे विभाग आणि स्वायत्त संस्था ज्या श्रेणीत येतात, त्या टियर वन श्रेणीत मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच तो आहे, आणि तोही मान्यतेच्या कालावधीत उत्तीर्ण झालेल्यांना. विद्यापीठाशी संलग्न असलेली बहुतेक महाविद्यालये टियर टू मध्ये येतात. आपण उत्तीर्ण झालात त्या वर्षी आपल्या शाखेची मान्यता कोणत्या श्रेणीची होती, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. ती टियर वन नसेल, तर अभियंत्यांचे मूल्यमापन करणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे क्षमतादर्शक अहवाल, म्हणजे ज्याला सर्वजण सीडीआर म्हणतात तो, द्यावा लागेल.

या अहवालात आपल्या कामातील तीन प्रसंग लिहायचे असतात, प्रत्येक १००० ते २५०० शब्दांचा. त्याशिवाय या प्रसंगांतील कोणत्या परिच्छेदातून कोणती क्षमता दिसते याचा गोषवारा आणि सतत चालू ठेवलेल्या शिक्षणाची यादी द्यावी लागते. प्रसंग शिक्षणातील प्रकल्पाचा असू शकतो, नोकरीतील कामाचाही असू शकतो. त्यात अभियंता म्हणून आपण काय ठरवले, कोणती गणिते केली, कोठे चुकले आणि ते कसे दुरुस्त केले, हे दिसले पाहिजे.

येथे आपल्या भाषेची एक सवय आड येते, ती मुद्दाम सांगतो. कार्यालयीन मराठीत आपण ‘फिक्स्चर बदलण्यात आले’, ‘भंगाराचे प्रमाण कमी करण्यात आले’ असे लिहितो, आणि फार तर ‘आम्ही केले’ म्हणतो. स्वतःचे नाव पुढे करणे बरे दिसत नाही, असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. इंग्रजीत लिहितानाही हीच रचना उतरते, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की या सगळ्यात अर्जदाराचा वाटा कोणता. अहवालात ‘मी’ लिहावे लागते : मी क्लॅम्पिंगची जागा बदलली, कारण माझ्या मोजणीत कंपनाने छिद्राचे माप सरकत असल्याचे दिसले, मी त्यासाठी दोन पर्याय काढले आणि दुसरा निवडला, कारण त्याला नवे टूलिंग लागत नव्हते. ही बढाई नाही. परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे ते सरळ उत्तर आहे.

तयार अहवालाविषयी मात्र मी हात जोडून विनंती करतो की त्या वाटेला जाऊ नका. असे अहवाल एकाच साच्यातून अनेकांना विकले जातात आणि संस्था प्रत्येक मजकूर साम्य शोधणाऱ्या प्रणालीतून तपासते. नक्कल आढळली तर अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यावर बंदी येऊ शकते. खोटी कागदपत्रे व्हिसाच्या अर्जापर्यंत पोहोचली आणि त्या कारणाने व्हिसा नाकारला गेला, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार तीन वर्षे बहुतेक व्हिसांचे दार बंद होते. ओळखीबाबत खोटेपणा असेल तर दहा वर्षे. कन्सल्टंट पैसे घेऊन मोकळा होतो, नाव मात्र आपले काळ्या यादीत जाते.

आणखी एक. पदवीच्या मूल्यमापनासोबत अनुभवाच्या वर्षांचे मूल्यमापन आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी मागणी करून वेगळे शुल्क भरावे लागते, आणि पुराव्यात नोकरीच्या पत्राच्या जोडीला आयकर किंवा भविष्य निर्वाह निधीसारखी त्रयस्थ नोंद लागते.

प्रश्न : माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची, पण सहा वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मूल्यमापन कोणाकडून करून घ्यावे, आणि मला अनुभवाचे दहा गुण मिळतील ना? – एक वाचक, पाथर्डी फाटा

व्यवसाय ठरतो तो आपण करीत असलेल्या कामावरून, पदवीच्या नावावरून नव्हे. आपण सॉफ्टवेअरच्या व्यवसायाखाली अर्ज करणार असाल तर ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटीकडे जावे लागेल, आणि ती आपल्या गुणपत्रिकांमधील संगणकविषयक विषयांचा वाटा तपासेल.

दहा गुण धरून चालू नये. परदेशातील अनुभवाला तीन वर्षांपासून ५, पाच वर्षांपासून १० आणि आठ वर्षांपासून १५ गुण असतात, हे बरोबर आहे. पण ही सोसायटी सुरुवातीची काही वर्षे कुशल पातळी गाठण्याची म्हणून बाजूला काढते आणि तेथून पुढचा काळच कुशल नोकरी म्हणून मोजते. पदवीतील विषय आणि काम यांचा मेळ चांगला असला तरी साधारणतः दोन वर्षे जातात, मेळ कमी असला तर अधिक. म्हणजे आपल्या सहांपैकी चारच उरण्याची शक्यता आहे, आणि चार वर्षांना ५ गुण आहेत. अर्जात जास्त वर्षे दाखवून निमंत्रण मिळवले आणि निकालपत्रात कमी निघाली, तर व्हिसा नाकारला जातो आणि भरलेले शुल्कही जाते. गुणांची किमान मर्यादा ६५ आहे, पण निमंत्रणे बहुधा त्याहून वरच्या गुणांना जातात. तेव्हा कमी पडलेले पाच गुण इंग्रजीच्या परीक्षेतून भरून काढण्याचा विचार करावा. आयईएलटीएसमध्ये प्रत्येक भागात ७ असल्यास १० आणि ८ असल्यास २० गुण मिळतात.

प्रश्न : माझ्या मुलीने आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. नर्सिंग केले असून ती तीन वर्षे अतिदक्षता विभागात आहे. तिला मूल्यमापनासाठी ऑस्ट्रेलियात जावे लागेल असे कोणी सांगितले. एकट्या मुलीला केवळ परीक्षेसाठी पाठवणे योग्य आहे का? – एक पालक, नाशिकरोड

आपली काळजी मला समजते. परिचारिकांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्याने गोंधळ होतो. पहिली, परिचारिका म्हणून तेथे नोंदणी. दुसरी, स्थलांतरासाठीचे मूल्यमापन, जे एएनएमएसी ही संस्था करते आणि जे नोंदणी झाल्यावर तुलनेने सोपे होते. भारतात शिकलेल्या परिचारिकेला नोंदणीसाठी आधी आपली पात्रता ऑनलाइन तपासावी लागते, मग एनसीएलईएक्स ही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते, जी भारतातच देता येते. त्यानंतरची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ॲडलेडला होते. तेव्हा आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे, फक्त तो टप्पा सुरुवातीचा नाही.

यातून मार्ग असा निघतो की आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी. नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ गुणांक लागतो, म्हणजे व्हिसाच्या किमान अटीहून अधिक. मग एनसीएलईएक्स. या दोन्ही घरापासून दूर न जाता होतात, आणि त्या पार पडल्यावर ॲडलेडच्या खर्चाचा निर्णय डोळसपणे घेता येतो. अतिदक्षता विभागात रात्रपाळी सांभाळणाऱ्या मुलीला त्या शहरात आठवडाभर राहणे जड जाणार नाही, असे मला मनापासून वाटते. निर्णय तिच्याशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव आहे. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव आहे. अडचण येईल का? – एक वाचक, गंगापूर रोड

अडचण येते, पण ती सुटणारी आहे. महाराष्ट्राबाहेरच्या तपासनिसाला ही चार नावांची रचना परिचयाची नसते आणि शेवटचे नाव तो आडनाव समजतो. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट असल्यास त्याची प्रत, आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडावे. राजपत्रात नावबदल केला असेल तर तेही. विवाह प्रमाणपत्र मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर लागेल, आणि भाषांतर भारतात केले असेल तर त्यावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि पात्रता लिहिलेली असावी.

प्रश्न : मी कृषी पदवीधर असून आठ वर्षे निफाड तालुक्यातील आमची नऊ एकर द्राक्षबाग सांभाळतो, निर्यातही होते. सातबारा वडिलांच्या नावावर आहे आणि शेतीला आयकर नसल्याने विवरणपत्रही नाही. माझा अनुभव कोणी मानेल का? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

आपल्या पत्राने मी बराच वेळ विचारात पडलो, कारण द्राक्षाची बाग निर्यातीच्या दर्जाला आणणे हे किती कौशल्याचे काम आहे हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही, आणि तरी कागदावर आपण जणू अस्तित्वातच नाही.

शेतीशी संबंधित व्यवसायांचे मूल्यमापन व्हेटअसेस ही संस्था करते. आपण निवडणार तो व्यवसाय हव्या त्या व्हिसाच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे, कारण १८९ आणि ४९१ यांच्या याद्या सारख्या नाहीत. ही संस्था आठवड्याला किमान वीस तासांचे, मोबदला मिळणारे काम धरते. घरच्या शेतीत हातभार लावला, एवढे सांगून भागत नाही. निर्णय आपले होते आणि उत्पन्नात आपला वाटा होता, हे दिसावे लागते.

ते दाखवणारे कागद आपल्याकडे वाटतात त्यापेक्षा अधिक निघतील. निर्यातीसाठी अपेडा या कृषिमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी झालेली असते, तिची प्रत काढावी. फवारणीची नोंदवही, रेसिड्यू, म्हणजे मालातील औषधांच्या अंशांच्या, तपासणीचे अहवाल, खते आणि औषधांची बिले, निर्यातदाराच्या पावत्या आणि त्या रकमा ज्या खात्यात आल्या त्याचे उतारे गोळा करावेत. यांतील जेथे जेथे आपली सही, आपला मोबाइल क्रमांक किंवा आपले खाते आहे, ते कागद वर ठेवावेत. वडिलांचे पत्र द्यावे, पण नात्यातल्या माणसाचे पत्र एकटे पुरत नाही. आपला माल घेणाऱ्या पॅकहाउसकडून आणि बागेला भेट देणाऱ्या सल्लागाराकडून, छाटणी, विरळणी, डिपिंग आणि काढणीचे निर्णय आपण घेत होता असे तपशीलवार लिहून घ्यावे.

मागच्या तारखा घालून पगारपत्रके तयार करण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल, तो ऐकू नये. त्याऐवजी वडिलांशी बोलून यापुढचा मोबदला दर महिन्याला आपल्या खात्यात जमा होईल अशी व्यवस्था करावी, मजुरांची हजेरी आणि फवारणीची वही आपल्या सहीने ठेवावी, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून प्रत्येक प्लॉटची नोंद तारखेसह सुरू करावी. एका हंगामाचे असे दप्तर तयार झाले की ते घेऊन मला जरूर लिहावे.